नॉकआउटमध्येही हिरवं

पी२एक्स७ नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसून निरोप घेणारं प्रथिन, मेंदूतल्या न्यूरॉनवर (मज्जापेशींवर) असतो, हे दाखवायला मी त्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते. तीन वर्षांनी शोधनिबंध लिहिला तेव्हा त्यात लिहावं लागलं की आमच्या पद्धतींनी तरी तो तिथे सापडत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या काळात जे घडलं ते निबंधात मावलं नाही. तिथे शेवटी टिकलेले प्रयोग छापले जातात आणि ढासळलेले प्रयोग वहीत राहतात. मला त्या वहीबद्दलच सांगायचं आहे.

आधी या रिसेप्टरविषयी. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पेशीच्या आत ते काही मिलिमोलर इतकं भरलेलं असतं आणि बाहेर जवळपास नसतंच. त्यामुळे एखादी पेशी फाटली की एटीपी बाहेर सांडतं, आणि शेजारच्या पेशींना कळतं की इथे काहीतरी मोडलं आहे. एटीपी पेशींच्या मधल्या संवादातही काम करतं ही कल्पना जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडली. पुढची जवळपास वीस वर्षं फार थोड्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण तो निरोप घेणारे रिसेप्टर हाती लागले नव्हते. नव्वदच्या दशकात ते एकेक करून सापडले, आणि १९९६ मध्ये उंदराच्या मेंदूतून पी२एक्स७ चं जनुक वेगळं काढण्यात आलं. तीन सारखे भाग एकत्र येऊन हा रिसेप्टर बनतो आणि त्यांच्या मधोमध एक वाट असते. एटीपी चिकटलं की वाट उघडते, सोडियम-कॅल्शियम आत येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं.

त्याच्या बाकीच्या भावंडांना काही मायक्रोमोलर (मिलिमोलरचा हजारावा भाग) एटीपी पुरतं. याला शेकडो मायक्रोमोलर लागतं. त्यांना कुजबूज ऐकू येते, याच्या कानाशी ओरडावं लागतं. म्हणून तो उघडला याचा अर्थ आसपास खरोखर मोठी पडझड झाली आहे असा घ्यायचा.

पीएचडीची पाच वर्षं मी हा रिसेप्टर मॅक्रोफेजवर अभ्यासला होता. मॅक्रोफेज म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतल्या भक्षक पेशी. त्यांना जीवाणूंच्या आवरणातलं एलपीएस दिलं की त्या टीएलआर४ या दुसऱ्या रिसेप्टरमार्फत ते ओळखतात आणि आयएल-१ बीटा हे प्रथिन बनवून ठेवतात. बनवतात ते मात्र कच्च्या रूपात, ३१ किलोडाल्टन वजनाचं, आणि पेशीतच. मग एटीपी येतं, पी२एक्स७ उघडतो, पोटॅशियम बाहेर पडतं, एनएलआरपी३ हे धोका ओळखणारं प्रथिन जागं होतं आणि कॅस्पेज-१ हे कात्रीसारखं एन्झाइम त्या कच्च्या प्रथिनाचे तुकडे करून १७ किलोडाल्टनचं तयार आयएल-१ बीटा बाहेर सोडतं. एलपीएस चार तास, एटीपी अर्धा तास. हा प्रयोग मी इतक्यांदा केला की हात आपोआप चालायचे.

पण डोळ्यांची सवय कधीच झाली नाही. एटीपी टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी बघायच्या. आधी काठ थरथरल्यासारखे होतात, मग कडेला बुडबुडे उठू लागतात आणि चपटी पसरलेली पेशी गोळा होत जाते. द्रवात यो-प्रो हा रंग घातलेला असेल तर आणखी दिसतं. निरोगी पेशी हा रंग आत घेत नाही. पी२एक्स७ बराच वेळ उघडा राहिला की रंग आत शिरतो, डीएनएला चिकटतो आणि एकेक केंद्रक हिरवं पेटत जातं. दहाएक मिनिटांत पूर्ण दृश्यच हिरव्या ठिपक्यांनी भरतं.

मेंदूकडे मी वळले ती याच आयएल-१ बीटामुळे. ताप येतो तेव्हा अंग तर तापतंच, पण भूकही जाते, झोप येत राहते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे जंतू थेट करत नाहीत. प्रतिकारशक्तीने सोडलेले निरोप मेंदूपर्यंत पोचतात म्हणून ते होतं, आणि आयएल-१ बीटा त्यातला एक ठळक निरोप. आपलं मन खट्टू होण्यात एखाद्या मॅक्रोफेजवरच्या रिसेप्टरचा हात असू शकतो, हे पहिल्यांदा नीट समजलं त्या दिवशी मी संध्याकाळी काहीच काम करू शकले नाही.

मेंदूचे स्वतःचे भक्षक म्हणजे मायक्रोग्लिया. पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. त्या न्यूरॉनच्या कुळातल्या नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक पिशवीतून निघालेल्या पेशी मेंदूत येऊन वसतात आणि त्यांच्यापासून मायक्रोग्लिया होतात, हे २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं. त्यांच्यावर पी२एक्स७ असतो याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते न्यूरॉनवरून. काही गट म्हणत होते की न्यूरॉनवरही तो आहे, विशेषतः हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे जिथे स्मृती घडतात त्या भागात. आमच्या मॅडमना वाटत होतं की आहे. मलाही वाटत होतं.

पहिल्या चार महिन्यांतच मला तो दिसला. उंदरांच्या मेंदूचे तीस मायक्रॉनचे काप काढले, अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) घालून रात्रभर चार अंशांवर ठेवले, दुसऱ्या दिवशी हिरवा चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी लावली आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली धरले. हिप्पोकॅम्पसमध्ये मॉसी फायबर नावाचे तंतू एका वळणदार पट्ट्यातून सीए३ या भागात जातात. तो पट्टा सगळाच्या सगळा हिरवा होता. मध्ये डॅपी या रंगाने निळी झालेली केंद्रकं आणि त्यांना बिलगून गेलेली हिरवी कड. मी फोटो काढून मॅडमना पाठवला आणि त्या खालच्या मजल्यावरून धावत वर आल्या.

कंट्रोल, म्हणजे निकाल खरा आहे ना हे पडताळणारे जोडप्रयोग, मी केले होते. केले नव्हते असं कुणी म्हणू नये म्हणून इथे लिहिते. पहिली अँटीबॉडी वगळून फक्त दुसरी लावली, तर काप काळा. म्हणजे हिरवा रंग पहिल्या अँटीबॉडीमुळेच येतो आहे. मग ज्या पेप्टाइडविरुद्ध (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याविरुद्ध) ती अँटीबॉडी तयार केली होती, त्या पेप्टाइडमध्ये ती आधी भिजवून घेतली आणि मग कापावर लावली. तरीही काळा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरेसं मानतात. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायच्या चाचणीत, सत्तर किलोडाल्टनच्या थोडा वर एक स्वच्छ बँड येत होता, साधारण जिथे यायला हवा तिथेच.

पेप्टाइडचा तो कंट्रोल खरं काय सिद्ध करतो, याचा विचार मी तेव्हा केला नाही. अँटीबॉडीचा चिकटणारा भाग पेप्टाइडने भरून टाकला की ती कशालाच चिकटणार नाही, खऱ्या रिसेप्टरलाही नाही आणि त्याच्यासारखा तुकडा असलेल्या दुसऱ्या कुठल्या प्रथिनालाही नाही. काप काळा पडला याचा अर्थ एवढाच की अँटीबॉडी त्या भागाने चिकटते. कशाला चिकटते, हे त्यातून कळत नाही. हे वाक्य आता मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला फळ्यावर चित्र काढून समजावते.

नॉकआउट उंदीर यायला सात महिने लागले. नॉकआउट म्हणजे ज्यात ते एक जनुक मोडून ठेवलेलं आहे असा उंदीर. एकाच वेतातली पिल्लं घेतली, काही साधी, काही नॉकआउट. सगळे काप एकाच पेटीत, एकाच दिवशी, एकाच अँटीबॉडीच्या द्रावणात ठेवले. दुसऱ्या दिवशी साधा काप आधी बघितला. पट्टा हिरवा. मग लेझरची ताकद, डिटेक्टरचं सेटिंग, काहीही न हलवता नॉकआउटचा काप धरला.

पट्टा हिरवा.

मी स्लाइड काढून नाव वाचलं, परत लावली. वळण तेच, उजेड तोच. छातीत धस्स झालं. पुढचा एक तास मी एकामागून एक सगळे नॉकआउट काप बघत बसले, जणू त्यातला एखादा तरी काळा निघेल.

मॅडम आल्या, दोन्ही काप स्वतः बघितले आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी उंदरावर संशय घे, मग अँटीबॉडीवर. दोन्हीवर पुरता घे. अर्धा संशय ठेवून पुढे जाऊ नकोस."

उंदराची तपासणी सोपी होती. शेपटीच्या टोकाचा डीएनए, पीसीआर, जेल. तीन वेगळ्या दिवशी केलं, एकदा दुसऱ्याच्या हातून करवून घेतलं. उंदीर नॉकआउटच होता. पण जनुक मोडलं आहे एवढ्याने रिसेप्टर बंद आहे हे ठरत नाही, म्हणून मी माझ्या जुन्या ओळखीच्या पेशींकडे गेले. त्याच उंदरांच्या पोटाच्या पोकळीतून मॅक्रोफेज काढले, चार तास एलपीएस, अर्धा तास एटीपी. साध्या उंदराच्या पेशी बुडबुडल्या, गोळा झाल्या, यो-प्रोने पेटल्या, द्रवात आयएल-१ बीटा आलं. नॉकआउटच्या पेशी जशा पसरल्या होत्या तशाच पसरून राहिल्या. एकही केंद्रक हिरवं नाही, आयएल-१ बीटा जवळपास शून्य. म्हणजे रिसेप्टर तिथे नव्हताच, आणि तो नसतानाही अँटीबॉडी मेंदूत हिरवा पट्टा दाखवत होती.

त्या आठवड्यात मी जुने शोधनिबंध नव्याने वाचले. २००४ मध्येच एका गटाने हे छापलं होतं. तेव्हा विकत मिळणाऱ्या अँटीबॉडी नॉकआउट उंदराच्या हिप्पोकॅम्पसलाही रंगवतात, आणि तीच जागा, तोच पट्टा. मी तो निबंध वाचलेला होता, माझ्या प्रस्तावात त्याचा उल्लेखही होता. पण त्या अँटीबॉडी वेगळ्या होत्या, आमची नवी होती, आणि तिच्याबरोबर आलेल्या कागदावर ब्लॉटचं सुबक चित्र होतं. मी त्या चित्रावर विसंबले. सात महिने नॉकआउटची वाट बघत असताना मी त्याच अँटीबॉडीवर आणखी प्रयोग रचत गेले. त्यासाठी जे उंदीर गेले त्यांचा आकडा वहीत आहे आणि तो मला पाठ आहे. याबद्दल मला अजून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

मग रंग बाजूला ठेवून रिसेप्टरचं काम बघायचं ठरवलं. तो न्यूरॉनवर असेल तर एटीपी दिल्यावर न्यूरॉनमध्ये कॅल्शियम वाढलं पाहिजे. त्यासाठी पेशींत फ्युरा-२ भरायचं. हा रंग कॅल्शियमला चिकटला की त्याची प्रकाश शोषण्याची सवय बदलते. म्हणून त्याच्यावर आलटून पालटून ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि दोन्ही वेळच्या चमकीचं गुणोत्तर मोजायचं. गुणोत्तर वर गेलं की कॅल्शियम वर गेलं.

इथे एक अगदी बारीक गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझे सहा आठवडे गेले. एटीपी डायसोडियम क्षाराच्या रूपात येतं आणि ते आम्लधर्मी असतं. या रिसेप्टरसाठी एटीपी मिलिमोलरच्या मापात घालावं लागतं, आणि तेवढं घातलं की आमच्या पातळ बफरचा (पेशी ज्यात ठेवतो त्या द्रावणाचा) पीएच सातच्या बराच खाली घसरायचा. न्यूरॉनवर आम्लाला प्रतिसाद देणारे वेगळे रिसेप्टर असतात, ते लगेच उठायचे. आणि पी२एक्स७ ला आम्ल मानवत नाही, तो दबायचा. म्हणजे जे बघायचं ते दबलेलं आणि जे बघायचं नाही ते उठलेलं, आणि पडद्यावर मात्र एक देखणी रेघ वर जाताना दिसायची. एका दुपारी माझा ज्युनियर सहज म्हणाला, "ताई, पीएच मोजलाय का टाकल्यानंतर?" टाकण्याआधीचा मोजला होता. त्यानंतर एटीपीचं मूळ द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणूनच वापरलं, आणि वहीतली आधीची सहा आठवड्यांची पानं तिरकी रेघ मारून रद्द केली.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियमची. एटीपी मॅग्नेशियम आणि कॅल्शियमला पकडून बसतं, आणि तसं पकडलेलं एटीपी या रिसेप्टरला फारसं चालत नाही. त्याला मोकळं एटीपी लागतं. म्हणून बफरमधून मॅग्नेशियम काढलं की प्रतिसाद वाढतो. वाढतो ही चांगलीच खूण, पण मॅग्नेशियम काढल्याने न्यूरॉन आपणहूनही जास्त धडधडतात, कारण ग्लुटामेट या न्यूरॉनमधल्या निरोप्याच्या एका रिसेप्टरमध्ये मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं. तेव्हा हा उपायही जपून वापरायचा.

सगळं सावरल्यावर पुन्हा न्यूरॉनच्या कल्चरवर (बशीत वाढवलेल्या पेशींवर) बीझेडएटीपी हे एटीपीसारखंच रसायन टाकलं. या रिसेप्टरला ते एटीपीपेक्षा बरंच कमी मात्रेत पुरतं. न्यूरॉनमध्ये कॅल्शियम वाढलं, आणि साध्या उंदराच्या कल्चरमध्येच वाढलं. नॉकआउटच्या कल्चरमध्ये नाही. त्या संध्याकाळी मॅडम आणि मी दोघीही मनातून खूश होतो. अँटीबॉडी खोटी असली तरी रिसेप्टर खरा असू शकतो, नाही का?

मी घरी न जाता चित्रफीत पुन्हा पुन्हा चालवून बघत होते. सरासरीची रेघ नव्हे, प्रत्यक्ष पेशी. आणि तेव्हा ती कोपऱ्यातली पेशी दिसली. लहानशी, लांबट, न्यूरॉनच्या निम्मीही नाही. मोजणी करताना मी तिला कचरा समजून वगळत आले होते. बीझेडएटीपी पोचताच एक-दोन सेकंदांत ती उजळत होती आणि उजळलेलीच राहत होती. शेजारचे मोठे न्यूरॉन तोवर शांत. पंधरा-वीस सेकंदांनी त्यातला सर्वांत जवळचा उजळायचा, मग त्याच्या पलीकडचा. मी दुसऱ्या चित्रफिती काढल्या. जिथे न्यूरॉन उजळत होते तिथे जवळपास कुठेतरी अशी लहान पेशी होतीच, आणि सगळ्यात आधी तीच उजळत होती. वाट उघडायला पंधरा सेकंद लागत नाहीत. इतका उशीर होतो तेव्हा निरोप दुसऱ्याच कुणाकडून आलेला असतो.

दुसऱ्या दिवशी तीच काचपट्टी आयबीए१ या मायक्रोग्लिया ओळखायच्या खुणेसाठी रंगवली. लहान पेशी मायक्रोग्लिया होत्या. न्यूरॉनच्या कल्चरमध्ये ग्लिया, म्हणजे मायक्रोग्लियांसारख्या न्यूरॉनच्या साथीदार पेशी, वाढू नयेत म्हणून आम्ही एआरए-सी घालतो. ते विभागणाऱ्या पेशी मारतं, पण शंभर टक्के कुठलंच कल्चर शुद्ध होत नाही, आणि या प्रयोगाला एवढ्या थोड्या पेशीही पुरत होत्या.

त्यानंतरचे प्रयोग जणू आपणहून सुचत गेले. ग्लुटामेटचे रिसेप्टर बंद करणारी दोन औषधं, सीएनक्यूएक्स आणि एपी५, आधी घातली आणि मग बीझेडएटीपी टाकलं. मायक्रोग्लिया पूर्वीसारख्याच उजळल्या. न्यूरॉन अंधारात राहिले. मग सीएसएफ१आर हा रिसेप्टर अडवून बघितला. मायक्रोग्लियांना जगायला त्याच्याकडून येणारा निरोप लागतो, तो तोडला की त्या टिकत नाहीत. त्या नाहीशा झालेल्या कल्चरमध्ये न्यूरॉनचा प्रतिसाद फारच थोडा उरला. पूर्ण शून्य झाला नाही, हेही सांगायला हवं. उरलेला प्रतिसाद ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लियांच्या आसपास होता आणि ग्लुटामेटच्या औषधांनी तोही गेला. म्हणजे एटीपीचा निरोप ग्लिया ऐकत होत्या आणि ग्लुटामेटच्या रूपाने न्यूरॉनला सांगत होत्या. नॉकआउटमध्ये प्रतिसाद का नव्हता, हेही आता उलगडलं. तिथे ऐकणाऱ्या ग्लियांचाच रिसेप्टर गेलेला होता. नॉकआउटने खोटं सांगितलं नव्हतं. आमचा प्रश्नच अपुरा होता.

नॉकआउटवरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये, हेही त्याच काळात उमगलं. या रिसेप्टरचे दोन नॉकआउट उंदीर बराच काळ वापरात आहेत. त्यातल्या एकात जनुकाची मोडतोड ज्या जागी केली ती चुकवून रिसेप्टरचं एक वेगळं रूप तयार होतं आणि टी पेशींवर (प्रतिकारशक्तीतल्या आणखी एका प्रकारच्या पेशींवर) ते चांगलं काम करतं, हे २००९ मध्ये समोर आलं. शिवाय प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६ या वाणाच्या उंदरांत या रिसेप्टरच्या ४५१ व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन हे अमिनो आम्ल असतं, आणि त्याने टी पेशींमधला प्रतिसाद मंदावतो. साधा उंदीर एका वाणाचा आणि नॉकआउट दुसऱ्या वाणाचा घेतला तर दिसलेला फरक नॉकआउटचा की वाणाचा, हे सांगता येणार नाही. एकाच वेतातली पिल्लं घेण्याचा मॅडमचा हट्ट मला सुरुवातीला वेळखाऊ वाटला होता.

आम्ही हे करत असताना, २०१७ मध्ये, न्यूरॉनवर पी२एक्स७ आहे की नाही यावर दोन्ही बाजूंचे लेख एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आले. मी ते रात्री वाचत बसले. ग्लियांकडून न्यूरॉनकडे निरोप जातो असं म्हणणाऱ्या बाजूचे मुद्दे माझ्या वहीतल्या पानांशी जुळत होते. २०१८ मध्ये आणखी एक काम आलं. त्यात अँटीबॉडीवर अवलंबून न राहता रिसेप्टरलाच हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला उंदीर तयार केला होता. हिरवा रंग मायक्रोग्लिया, ऑलिगोडेंड्रोसाइट, सेरेबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) बर्गमन ग्लिया अशा ग्लियांवर दिसला, न्यूरॉनवर नाही. आमचा निबंध तेव्हा परीक्षकांकडे होता.

हा रिसेप्टर कुठल्या पेशीवर आहे याला इतकं महत्त्व का, असं मला प्रयोगशाळेबाहेरचे लोक विचारतात. औषधांसाठी आहे. पी२एक्स७ अडवणारी औषधं संधिवातात माणसांवर तपासली गेली आणि अपेक्षेइतका गुण आला नाही. पुढे मेंदूत शिरू शकणारे रेणू नैराश्यासाठी तपासायला घेतले गेले. रिसेप्टर न्यूरॉनवर असेल तर असं औषध विचार, स्मृती, झोप यांना थेट हात लावेल. तो मायक्रोग्लियांवर असेल तर औषध मेंदूतला दाह कमी करेल, आणि मग दाह असलेल्या रुग्णांनाच ते द्यायला हवं. रुग्ण कोणते निवडायचे हेच त्यावर ठरतं. चुकीचे रुग्ण निवडले तर चांगलं औषधही निकामी ठरून बाजूला पडेल, आणि ज्याला त्याचा उपयोग झाला असता त्याच्यापर्यंत ते कधीच पोचणार नाही.

यातच एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. प्रथिनांचं जेल रंगवायला आम्ही कुमासी ब्रिलियंट ब्लू जी हा निळा रंग वापरतो, प्रत्येक जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली असते. तोच रंग पी२एक्स७ ला अडवतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना तो टोचल्यावर त्यांची हालचाल जास्त सुधारली, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते उंदीर काही काळ निळे दिसत होते. माझ्या ओट्यावर रोज हाताशी असणाऱ्या बाटलीत माझ्याच रिसेप्टरची एक किल्ली होती, आणि मी ती जेल रंगवण्यापुरतीच उघडत होते.

निबंधाचं पहिलं चित्र निवडायची वेळ आली तेव्हा मी तेच दोन काप मागितले, साध्या उंदराचा हिरवा पट्टा आणि शेजारी नॉकआउटचा तसाच हिरवा पट्टा. मॅडम म्हणाल्या, "हे शेवटी पुरवणीत टाकतात लोक." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू पहिलंच ठेव." ते पहिलंच छापलं गेलं. नंतर ओळख नसलेल्या तिघांनी पत्र पाठवून विचारलं की अँटीबॉडी कोणती आणि तिचा लॉट (उत्पादनाची खेप) कोणता. तिघांकडेही तीच होती.

सीए३ चा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही. तिथल्या न्यूरॉनमध्ये या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी निघालेली नक्कल, सापडतो, असं चांगल्या पद्धतीने केलेलं काम २०१७ मध्येच आलं आहे, आणि मला ते बाजूला सारता येत नाही. आरएनए असेल पण प्रथिन फार थोडं बनत असेल, किंवा एरवी बनत नसेल आणि इजा झाल्यावर बनत असेल. म्हणून यावेळी इजा झालेल्या मेंदूचे काप घेतले आहेत. आत्ता शीतकक्षात चार अंशांवर बारा काप भिजत पडले आहेत, सहा साधे, सहा नॉकआउट. डब्यांवर फक्त आकडे आहेत. कोणता आकडा कशाचा, ते ज्युनियरच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि ती वही मी परवा मोजणी संपल्यावरच मागणार आहे.